खवय्या म्हणवून घेताना

‘फूडी’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो 1980 नंतर. 1984 मध्ये अ‍ॅन बार आणि पॉल लेव्ही यांनी ‘दि ऑफिशियल फूडी हँडबुक’ लिहिलं, तेही अर्धं चेष्टेनं. आज तो शब्द लोक मिरवतात. मी मराठी, म्हणून ‘खवय्या’ मिरवतो. गवय्या आणि खवय्या एकाच साच्यातले. पण गवय्याला रियाज करावा लागतो. मला काय करावं लागतं? बिल भरावं लागतं.

बंगळुरूत, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वसलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात मी नोकरीला आहे. लेथ, पावडर कोटिंग, कपड्यांचे कारखाने, आणि अधूनमधून एखादी मेस. तिथे रागी मुद्दे मिळते, म्हणजे नाचणीचा वाफाळता गोळा, आणि सोबत बस्सारू, पालेभाजी-डाळ शिजवून निथळलेल्या पाण्याचं सार. मी ते चाखतो, लसूण जास्त पडला की नाक मुरडतो, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. शेजारी बसलेला हमाल बोट लावताच पीठ कच्चं राहिलंय का ते ओळखतो, घास सारात बुडवून गिळतो (हा गोळा चावायचा नसतोच) आणि सार पातळ असेल तर वाढप्याला तोंडावर सांगतो. पारख त्याची पक्की. तरी त्याला खवय्या म्हणावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. तो जेवतो, मी आस्वाद घेतो.

का? त्याला भूक लागलेली असते म्हणून? म्हणजे पोट भरलेल्यालाच हा किताब?

फ्रेंच ‘गूर्मे’चं मूळ बघा. जुन्या फ्रेंचमध्ये तो वाइनच्या व्यापाऱ्याच्या हाताखालचा पोऱ्या होता. पुढे नाव टेबलाशी बसणाऱ्याकडे गेलं, पोऱ्या कुणाला आठवत नाही.

सावकाश, चवीनं खातो याचा मला केवढा अभिमान! समोरच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या बायका भोंग्याच्या आत डबा संपवतात. त्यांना चव कळत नाही असं थोडंच आहे? मला वेळ दिलाय तो माझ्या हुद्द्यानं, जिभेनं नव्हे.

खवय्या म्हणवून घ्यायचं सोडेन का? बहुधा नाही. शब्द आवडतो, बस्सारूही आवडतं. पण मेसमध्ये रांधणाऱ्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. लसणाचं मात्र त्यांना सांगून झालंय.