अलंकाराचें मोल

अलंकाराची हौस ही मनुष्याची दुर्बलता समजावी कीं रसिकतेचें लक्षण मानावें, हा वाद फार जुना आहे. विरक्तांनीं अलंकाराला ओझें म्हटलें, कवींनीं त्याला शोभा म्हटलें, आणि संसारी माणसानें दोघांचेंहि ऐकून घेऊन शेवटीं सराफकट्ट्याचा रस्ता धरला. अलीकडे या वादांत एक तिसरा पक्ष पुढें आला आहे. सोन्याचे दागिने नकोत; रानांतल्या बिया, समुद्रकांठचे शिंपले, नदीच्या पात्रांतील रंगीत गारगोट्या स्वतःच्या हातांनीं ओवून केलेला अलंकारच तेवढा निर्दोष होय, असें या पक्षाचें म्हणणें. या मताची थोडी चिकित्सा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, ही हौस आजची नव्हे. चाळीसगांवजवळ पाटणें येथील उत्खननांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले असून त्यांचा काळ सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचा ठरतो. शेती नव्हती, धातु ठाऊक नव्हता, अन्नाची रोजची भ्रांत होती. तरीहि कोणीतरी त्या कवचाचा तुकडा घासून वाटोळा केला आणि त्याला भोंक पाडलें. म्हणजे अलंकार सोन्याच्या कितीतरी आधींचा आहे. पुढें सोनें आलें, पण त्याचें मापहि मनुष्यानें रानाकडूनच घेतलें. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हें कोष्टक आपल्या आजोबांना पाठ होतें. रानांत फुकट मिळणाऱ्या गुंजेशीं आपली तुलना व्हावी, याचा सोन्याला विषाद वाटतो, अशी कल्पना सुभाषितकारांनीं केली आहे. तात्पर्य, दुर्मिळतेनें वस्तूची किंमत वाढते, शोभा वाढतेच असें नाहीं. येथवर नव्या पक्षाचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

परंतु हातानें केली एवढ्यानेंच एखादी वस्तु निर्दोष ठरते काय? खंबायतेच्या अकीकाचें उदाहरण घेऊं. हा दगड भडोच जिल्ह्यांतील रतनपूरच्या खाणींतून येतो. उन्हांत वाळवून, मडक्यांत घालून मंद आंचेवर तापविला म्हणजे त्यांतील लोहाच्या अंशामुळें त्याला तांबूस रंग चढतो. मग जमिनींत रोवलेल्या लोखंडी टोंकावर तो टेकवून शिंगाच्या हातोडीनें त्याचे कपचे उडवावयाचे, घासून आकार आणावयाचा, आणि कमानीच्या दोरीनें फिरणाऱ्या, हिऱ्याची कणी बसविलेल्या गिरमिटानें छिद्र पाडावयाचें. सिंधु संस्कृतीचे कारागीर या कलेंत निष्णात होते. त्यांचे लांबट तांबूस मणी इराकांतील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत सांपडले आहेत.

या कलेची दुसरी बाजू मात्र दुःखद आहे. अकीक घासतांना त्याची अतिसूक्ष्म धूळ उडते, श्वासावाटे फुप्फुसांत शिरते आणि तेथेंच बसते. यापासून होणाऱ्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारें औषध नाहीं, आणि क्षयालाहि तो वाट करून देतो. खंबायतेच्या कारागिरांत हा रोग असल्याचें वैद्यकीय पाहणींत वारंवार दिसून आलें आहे. घासण्याचें चाक घरांत किंवा घराशेजारींच असलें म्हणजे बायकामुलेंहि तीच हवा घेतात. तो मणीहि हातानेंच केलेला असतो, आणि यंत्राचा नव्हे म्हणून आपण तो कौतुकानें घेतों.

मग असे मणी विकत घेणेंच सोडावें काय? तसें केल्यानें कारागिराच्या छातीबरोबर त्याचें पोटहि जाईल. पाणी सोडीत घासल्यास धूळ कमी उडते. ती ओढून घेणारीं यंत्रेंहि आहेत. पण त्यांचा खर्च मण्याच्या किंमतींतूनच निघावयाचा. दगड घासणारा तो, आणि किंमतीची घासाघीस करणारे आपण! दोष असेल तर तो हौसेंत नसून या घासाघिशींत आहे.

घरीं बसून माळ ओवण्याच्या छंदाचें खरें महत्त्व आम्हांस येथें दिसतें. त्या छंदानें हौस शुद्ध होते असें नाहीं. बियांची माळ घालूनहि मनुष्य सोन्याइतकाच मिरवूं शकतो. परंतु हात कामाला लागले म्हणजे पुस्तकानें न होणारें एक ज्ञान होतें. ओल्या गारगोटीचा एक कोपरा वाटोळा करावयास किती वेळ लागतो, बोटें कशीं भरून येतात, छिद्र पुरें होतां होतां मणी तडकला म्हणजे जीव कसा हळहळतो, हें जिनें अनुभविलें, ती बाजारांतल्या मण्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहील. भाव ऐकून नाक मुरडण्यापूर्वीं तिला आपलीं बोटें आठवतील.

कालिदासाची शकुंतला अलंकाराची हौशी होती, असें चवथ्या अंकांत कण्वच सांगतात. तरीहि झाडांवरील मायेनें ती त्यांची पालवी खुडीत नसे. हा संयम वैराग्यांतून आलेला नव्हता. त्या झाडांना तिनें रोज आपल्या हातांनीं पाणी घातलें होतें, आणि ज्याच्यासाठीं आपले हात राबले त्याचें दुःख मनुष्याला आपोआप कळतें. अलंकाराचा त्याग हा थोड्यांचा मार्ग आहे. बाकीच्यांनीं अलंकार खुशाल घ्यावा, ल्यावा, लेकीसुनांना द्यावा. मात्र घेतेवेळीं तो कोणी केला, कसल्या हवेंत बसून केला आणि त्याच्या पदरांत काय पडलें, एवढें विचारावयास संकोच करूं नये.