पाचवं कारण

१९७९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आणखी पन्नास विद्यार्थी घ्यायला लावले. दीडशे जागांचे प्रवेश तोवर उरकले होते. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं, त्यामुळे निवडीची रीत पीएच.डी.च्या प्रवेशासारखीच: गुण, शिफारसपत्रं आणि मुलाखत. त्या वर्षी सुमारे आठशे उमेदवारांच्या मुलाखती होऊन क्रमवारी लागली होती आणि दीडशे जागा पहिल्या साडेतीनशे जणांतून भरल्या होत्या. वाढीव जागा भरायची वेळ आली तेव्हा वरच्या क्रमांकाचे उमेदवार दुसरीकडे गेले होते. मग यादीच्या तळातून, सातशेच्या पुढच्या क्रमांकांतून, मुलं घ्यावी लागली. ही एकदा नाकारलेलीच मुलं. रॉबर्ट डेव्हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांचा माग ठेवला आणि १९८७मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. परीक्षेत, वॉर्डातल्या कामात, मिळालेल्या सन्मानांत, शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांच्या प्रमाणात, कुठेही दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

त्या सातशेव्या क्रमांकाच्या मुलाला नकाराचं पत्र आलं, तेव्हा त्याने त्यातून स्वतःबद्दल काय समजून घेतलं असेल? आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाने? दोघांनीही बहुधा एकच अर्थ काढला असेल, की हे आपलं मोल आहे. विधिमंडळाने मध्ये हात घातला नसता तर तो अर्थ दोघांनी जन्मभर खराच मानला असता.

पदव्युत्तर प्रवेशाच्या हंगामात दर वर्षी हजारो तरुण याच अर्थापाशी येऊन थांबतात. डिसेंबरात अर्ज जातात. अमेरिकेतले जीवशास्त्राचे विभाग जानेवारी-फेब्रुवारीत उमेदवारांना दोन-तीन दिवस बोलावून घेतात. विमानाचं तिकीट, हॉटेल विद्यापीठाकडून. दिवसभरात पाच-सहा प्राध्यापकांशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी, संध्याकाळी तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर जेवण. संगणकशास्त्र, अर्थशास्त्र अशा अनेक विषयांत आधी ऑफर येते आणि मार्चमध्ये कॅम्पस बघायला बोलावणं. भारतातल्या मुलाची मुलाखत बहुधा पडद्यावर होते. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ. मग वाट पाहणं. ‘अॅडमिट आला’, ‘रिजेक्ट आला’, ‘वेटलिस्टवर आहे’, या तीन वाक्यांवर घराघरातले दोन-तीन महिने जातात.

मुलाखतीतून खरंच काय कळतं, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्या घरापासून तपासला आहे. रॉबिन डॉज यांनी १९७१मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या आपल्याच शाखेचे पीएच.डी. प्रवेश अभ्यासले. परीक्षेतले गुण, पदवीचे गुण आणि पदवी कुठली, एवढ्या तीन गोष्टींच्या साध्या हिशेबाने विद्यार्थ्याच्या पुढच्या कामगिरीचा जो अंदाज येत होता, तो अनुभवी प्राध्यापकांच्या समितीच्या अंदाजापेक्षा सरस निघाला. जेसन डाना, डॉज आणि नॅथनिएल पीटरसन यांचा २०१३चा प्रयोग तर झोप उडवणारा आहे. त्यात काही जणांनी मुलाखतीत ठरावीक प्रश्नांना खरी उत्तरं न देता यादृच्छिक पद्धतीने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं होतं. मुलाखत घेणाऱ्यांना त्याचा पत्ता लागला नाही. त्यांना माणूस ‘कळल्यासारखा’ वाटला, आणि मुलाखत न घेता नुसत्या जुन्या गुणांवरून बांधलेला अंदाज मात्र त्यांच्यापेक्षा अचूक ठरला.

प्राध्यापक बेइमान असतात असा याचा अर्थ नाही. ज्यूली पॉसेल्ट यांनी तीन विद्यापीठांतल्या दहा विभागांची प्रवेशप्रक्रिया जवळून पाहून २०१६मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसतात ती कामाच्या रेट्याखालची, विद्येवर मनापासून प्रेम करणारी माणसं. पण चांगला उमेदवार म्हणजे कोण, हे ठरवताना पुष्कळांना नकळत स्वतःचंच तरुणपण समोर दिसत असतं.

म्हणजे जे मिळालं त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न उरतोच. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याला थेट उत्तर आहे. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं चौदाव्या श्लोकात सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे खटपटी, आणि पाचवं दैव. दोन श्लोक पुढे गेलं की कठोर निवाडा येतो. पाच कारणं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारित नाही आणि त्याला नीट दिसत नाही. भाष्यकारांत पाचव्या कारणावर एकमत नाही. शंकराचार्य तिथे इंद्रियांना बळ देणाऱ्या सूर्यादी देवता पाहतात, रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा पाहतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच जागी शेतीचा दाखला दिला आहे. पीक शेतकऱ्याच्या श्रमावर अवलंबून असतं हे खरं. पण जमीन, बी, पाणी, खत, बैल यांचे गुणधर्म जुळून आल्याशिवाय ते श्रम फळत नाहीत. जगात असे जे व्यापार माणसाच्या हाताबाहेर चाललेले असतात आणि ज्यांतले काही त्याला ठाऊकही नसतात, त्यांच्याकडे टिळक बोट दाखवतात. प्रवेशाच्या प्रश्नाला हा अर्थ सर्वांत जवळचा आहे.

या मांडणीचं मोठेपण असं, की ती दैवाला पाचातलं एक मानते. सगळं माझ्यामुळे झालं हा अहंकार तिला मान्य नाही आणि सगळं नशिबामुळे झालं ही हतबलताही नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स १९७१च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये वेगळ्या वाटेने जवळपास इथेच आले होते. जन्मजात बुद्धी, घरची परिस्थिती, इतकंच काय, मेहनत करण्याची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी माणसाला आयती मिळते, म्हणून तिच्यावर नैतिक हक्क सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. रॉल्स मेहनतीचं श्रेय फारच आखडून देतात, असं मात्र म्हणावंसं वाटतं. गीतेने चेष्टेला स्वतंत्र जागा दिली आहे, आणि पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलीला ती जागा मिळायलाच हवी.

आनंदीबाई जोशींच्या प्रवेशात ही पाचही कारणं वेगवेगळी मोजता येतात. फिलाडेल्फियाला खास स्त्रियांसाठी १८५०मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं होतं, हे अधिष्ठान. ते नसतं तर बाकी सगळं व्यर्थ होतं. डॉक्टर व्हायचंच, असं ठरवणारी आनंदीबाई ही कर्ता. पती गोपाळरावांनी हट्टाने शिकवलेलं इंग्रजी हे साधन. १८८३मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे सांगणं, कॉलेजला स्वतःची परिस्थिती मांडणारं पत्र लिहिणं, नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडणं, या चेष्टा. आणि पाचवं? गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापून आलं होतं. १८८०मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी ते पत्र वाचलं, त्यांना राहवलं नाही, त्यांनी उत्तर पाठवलं. पुढे अमेरिकेत आनंदीबाईंना त्यांचंच घर लाभलं. १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली. दात दुखण्याचा दिवस पुढे-मागे झाला असता तर?

पण इथेच सांभाळायला हवं. दैवाचं नाव घेऊन माणसांनी केलेला अन्याय झाकता येतो, आणि आपल्या समाजाने तो शतकानुशतकं झाकला आहे.

१९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला, कारण एकच, उमेदवार स्त्री आहे. कमलाबाईंनी हे प्रारब्ध मानलं नाही. त्यांनी रामन यांच्या कचेरीपाशी सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: एक वर्ष परिवीक्षा आणि संचालकांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही. त्यांनी त्या अटी अपमान गिळून पाळल्या, १९३६मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली, केंब्रिजला गेल्या आणि १९३९मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. त्या वर्षभराच्या कामानंतर रामन यांचंही मत पालटलं आणि संस्थेची दारं इतर मुलींना खुली झाली. कमलाबाईंच्या मनात मात्र तो अन्याय अखेरपर्यंत सलत राहिला. तो सलायलाच हवा होता.

अन्याय नेमका कुठे आहे हे शोधायलाही कष्ट पडतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३च्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्के घेतले गेले, स्त्रियांपैकी ३५ टक्के. उघड पक्षपात वाटावा असेच आकडे. पीटर बिकेल, यूजीन हॅमेल आणि विल्यम ओकॉनेल यांनी विभागवार पाहिलं तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध भेद दिसेना. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत गेले होते जिथे कोणालाच सहज प्रवेश मिळत नव्हता. १९७५च्या ‘सायन्स’मधला तो लेख समाजाला दोषमुक्त करत नाही. मुलींना लहानपणापासून कोणत्या विषयांकडे वळवलं जातं, या मागच्या पायरीवर तो प्रश्न नेऊन ठेवतो. दैव म्हणून सोडून द्यायचं ते असा शोध घेऊन झाल्यावरच.

२०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधन अनुदानातल्या अप्रत्यक्ष खर्चाला १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. निधीच्या त्या अनिश्चिततेत मॅसॅच्युसेट्सच्या यूमास चॅन वैद्यकीय विद्यापीठाने जैववैद्यक पीएच.डी.साठी दिलेल्या ऑफर मार्चमध्ये मागे घेतल्या. मुलाखत झाली, निवड झाली, घरी सांगून झालं, आणि मग जागा गेली. त्या विद्यार्थ्यांच्या हातून एकही गोष्ट चुकली नव्हती. त्यांच्यासाठी हे दैवच. वॉशिंग्टनमध्ये सही करणाऱ्यासाठी मात्र ते कर्म होतं आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

या सगळ्या काळात उमेदवार पूर्णपणे कर्ता असतो तो एकाच टप्प्यावर, ऑफर हाती आल्यावर. कॅम्पस बघायला जाणं हे खरं तर त्यासाठी. तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४च्या ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्सपीरियन्स’ या पुस्तकात दाखवलं आहे, की काही निर्णय माणसालाच बदलून टाकतात. त्यामुळे निर्णयानंतरचं आयुष्य कसं असेल हे निर्णयाआधीच्या माणसाला आतून कळू शकत नाही. पाच-सहा वर्षांची पीएच.डी. हा तसाच निर्णय आहे. म्हणून विद्यापीठाच्या क्रमांकाकडे बघून उपयोग थोडा. गाइड नसताना त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोलावं. पदवीला किती वर्षं लागतात, कोण मध्येच सोडून गेलं आणि का गेलं, गाइड बदलायची वेळ आली तर वाट आहे का, स्टायपेंडमध्ये त्या गावात भाडं भरून महिना निघतो का, हे विचारावं. उत्तर देण्याआधी समोरचा किती वेळ गप्प बसतो तेही ध्यानात ठेवावं. ज्याला परदेशी जाऊन बघणं परवडत नाही त्याने हेच प्रश्न फोनवर विचारावेत. उत्तरं जवळपास तितकीच खरी मिळतात.

आणि यानंतर एक कर्तव्य उरतं, ज्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अमेरिकेतल्या बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केली आहे. त्यानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. ही मुदत विद्यार्थ्यावर दबाव येऊ नये म्हणून आहे आणि ती हवीच. पण मन ठरलेलं असतानाही चार ऑफर शेवटच्या दिवसापर्यंत हातात धरून ठेवणारा दुसऱ्या कुणाची तरी वेटलिस्ट लांबवत असतो. त्या मुलाच्या पाच कारणांतलं जे पाचवं, त्याचा एक भाग या चार पत्रांपैकी एकात अडकलेला असतो. ज्यांच्याकडे या मार्चमध्ये एकाहून अधिक ऑफर येतील, त्यांनी जिथे जायचं नाही हे नक्की झालं आहे तिथे त्याच दिवशी दोन ओळींचा नकार कळवावा. १५ एप्रिलची वाट पाहू नये.