वेषांतरातल्या पोलिसाचा सत्यधर्म

'सिंगम २' हा हरी यांनी दिग्दर्शित केलेला तमिळ चित्रपट जुलै 2013मध्ये पडद्यावर आला. 2010च्या 'सिंगम'ची ही पुढची कथा. पहिल्या भागाच्या अखेरीस दुरैसिंगम हा पोलीस अधिकारी (सूर्या) जगाच्या लेखी नोकरी सोडतो. प्रत्यक्षात राज्याच्या गृहमंत्र्यांनी त्याच्यावर गुप्त कामगिरी सोपवलेली असते. दुसऱ्या भागात तो तूतुकुडी या बंदराच्या शहरात एका शाळेत एन.सी.सी.चा शिक्षक म्हणून वावरतो. मुलांकडून कवायत करून घेतो आणि समुद्रमार्गे चाललेल्या तस्करीवर नजर ठेवतो. खरे काय ते अगदी वरच्या पातळीवरच्या मोजक्या माणसांनाच ठाऊक. मुलाने पोलिसाची नोकरी सोडली हे वडिलांना रुचलेले नसते आणि काव्याशी ठरलेले त्याचे लग्न त्यापायी अडून राहते. हाणामारी आणि पाठलाग यांच्या गर्दीत चित्रपट या परिस्थितीतला प्रश्न चटकन ओलांडून जातो. कायद्याच्या रक्षणासाठी नेमलेल्या माणसाने खोटे जगावे का, आणि जगलाच तर कोणाशी?

या प्रश्नाचे सोपे उत्तर महाभारताच्या कर्णपर्वात आहे. गांडीवाची निंदा केली म्हणून युधिष्ठिरावर शस्त्र उगारायला निघालेल्या अर्जुनाला कृष्ण कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कधीही खोटे बोलायचे नाही, हे कौशिकाचे व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. दरोडेखोरांनी विचारले, कौशिकाने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि हा सत्यव्रती नरकात गेला. योगसूत्रांवरील व्यासभाष्याचा निर्वाळाही याच बाजूचा आहे. ज्या बोलण्याने प्राणिमात्रांचा घात होतो ते सत्यच नव्हे, असे ते मानते. नेमक्या उलट टोकाला इमॅन्युएल कान्ट उभा आहे. घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारत मारेकरी दाराशी आला, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा हक्क कोणाला नाही, असे त्याने 1797मध्ये बेंजामिन कॉन्स्टंटला उत्तर देताना लिहिले.

कान्टची भूमिका पटणारे वाचक आजही थोडेच सापडतात. पण कौशिकाची गोष्ट गुप्त पोलिसाला जशीच्या तशी लागू करणेही घाईचे ठरेल. कौशिकाला एकदाच, समोर उभ्या असलेल्या दरोडेखोरांपुढे एक वाक्य बोलायचे होते. वेषांतरातल्या अधिकाऱ्याला महिनोन्‌महिने एक अख्खे आयुष्य खोटे जगावे लागते, आणि ते खोटे ऐकणाऱ्यांत गुन्हेगार थोडे असतात. बाकीचे असतात शेजारी, सहकारी, विद्यार्थी, आईवडील. दरोडेखोराला फसवण्याची सूट त्यांना फसवण्याची सूट कशी होईल?

हा फरक महाभारताला चांगला ठाऊक आहे. द्रोणपर्वात भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि द्रोणपुत्र मेल्याची हाकाटी होते. द्रोण ती खरी मानत नाहीत. ते युधिष्ठिराला विचारतात, कारण हा माणूस तिन्ही लोकांच्या राज्यासाठीही खोटे बोलणार नाही, असा त्यांचा भरवसा असतो. युधिष्ठिर 'अश्वत्थामा' मोठ्याने आणि 'हत्ती' पुटपुटत म्हणतो, आणि एरवी जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. अखेर स्वर्गारोहणपर्वात, द्रोणांना कपटाने फसवले म्हणून त्यालाही कपटाने नरक दाखवला जातो. युद्धात फसवाफसवी दोन्ही बाजूंनी भरपूर झाली. त्या सगळ्यांना हा दंड नाही. युधिष्ठिराचे खोटे चालले ते त्याच्या आयुष्यभराच्या खरेपणाच्या जोरावर, आणि बळी पडला तो विश्वास ठेवणारा माणूस. शत्रुपक्षात असला तरी तो गुरू होता.

चित्रपट ज्या भूमीतला आहे तिथल्या तिरुक्कुरळने हा पेच वेगळ्या रीतीने हाताळला आहे. 133 अध्यायांच्या या ग्रंथात सत्यावरचा तिसावा अध्याय धर्मविषयक भागात येतो. निर्दोष हित साधत असेल तर असत्यालाही सत्याचे स्थान मिळते, असे तिथे म्हटले आहे. सूट आहे, पण 'निर्दोष' ही अट जाचक आहे. हेरगिरीवरचा एकोणसाठावा अध्याय मात्र राज्यकारभाराच्या भागात आहे. हेराने संशय येणार नाही असे रूप घ्यावे, संन्याशाच्या वेषातही फिरावे, एका हेराची दुसऱ्याला ओळख असू नये आणि तिघांचे म्हणणे जुळले तरच ते खरे धरावे, असा तिथला व्यवहार. शेवटचा कुरळ सांगतो की राजाने हेराचा उघड सत्कार करू नये, नाहीतर गुपित फुटेल. दुरैसिंगमची अवस्था या शेवटच्या कुरळात अचूक बसते, कारण ज्या कामाबद्दल मान मिळायचा त्याच कामापायी तो घरातला मान गमावून बसतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तापस, व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी अशी हेरांची सोंगे आहेत. राज्याला त्यांचा उपयोग उघड आहे. पण असे तापस गावोगाव फिरू लागले की खऱ्या तापसाकडेही लोक संशयाने पाहणार, आणि ही किंमत कौटिल्याच्या हिशेबात कुठे धरलेली दिसत नाही.

गुन्हेगाराला फसवण्यालाही मर्यादा आहेत, त्या आधुनिक न्यायव्यवस्थेने आखल्या. चाललेला गुन्हा वेष पालटून पाहणे वेगळे आणि न घडणारा गुन्हा घडवून आणणे वेगळे. 1954मध्ये राव शिव बहादूर सिंग यांच्या लाचेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सापळे लावणे कधी कधी गरजेचे असते हे मान्य केले, पण लाचेसाठीची रक्कम पोलिसांनीच पुरवण्यावर नापसंती नोंदवली. या कसोटीवर दुरैसिंगम स्वच्छ उतरतो. तो कोणाला मोहात पाडत नाही, फक्त बघतो.

राहतात ते विश्वास टाकणारे. शाळेतली विद्यार्थिनी सत्या (हंसिका मोटवानी) या शिक्षकाच्या प्रेमात पडते आणि तो तिला ठाम नकार देतो. चित्रपटाने तो प्रसंग गाणी आणि विनोद यांच्या अंगाने नेला आहे, पण त्याचे मोल त्याहून मोठे आहे. विराटपर्वात अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवतो. अज्ञातवास संपल्यावर विराट तिचा हात अर्जुनालाच देऊ करतो. अर्जुन नाकारतो. वर्षभर अंतःपुरात राहिलो, तिने गुरू आणि पिता मानून विश्वास ठेवला, तेव्हा सून म्हणूनच स्वीकारीन, असे म्हणून तो तिला अभिमन्यूसाठी मागतो. नाव खोटे होते, वेष खोटा होता, पण त्या वेषात जडलेले नाते त्याने खरे मानले. सोंगाच्या आडून मिळालेला विश्वास सोंग उतरल्यावर स्वतःच्या लाभासाठी वापरायचा नाही, ही ती मर्यादा.

ती मोडली की काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. आंदोलक गटांत खोट्या नावाने शिरलेल्या पोलिसांनी तिथल्या स्त्रियांशी वर्षानुवर्षे प्रेमसंबंध ठेवल्याचे उघड झाले. 2015मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी सात स्त्रियांची जाहीर माफी मागितली, आणि त्याच वर्षी या साऱ्या प्रकाराची सार्वजनिक चौकशी सुरू झाली. त्या स्त्रिया गुन्हेगार नव्हत्या, आणि कौशिकाच्या गोष्टीतला कोणताही युक्तिवाद त्यांच्याबाबतीत चालत नाही.

'सिंगम २' या टोकाला जात नाही, कारण त्याने सोंगच सुरक्षित निवडले आहे. एन.सी.सी.चा शिक्षक ही काही टोळीतल्या गुंडाची भूमिका नव्हे. तीही शिस्तीची आणि गणवेशाचीच नोकरी. नायकाला फार खोटे बोलावे लागत नाही, गप्प राहिले की भागते. शिवाय शहरात दंगल उसळताच तो वर्दी चढवून उघडपणे पोलीस म्हणून उभा राहतो. तिथून पुढे वेषांतर संपते आणि सरळ पाठलाग सुरू होतो, तो थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत. प्रेक्षकांच्या टाळ्या वर्दीला मिळतात. वडिलांपुढे पाळलेल्या मौनाचा हिशेबही वर्दी दिसताच आपोआप मिटल्यासारखा होतो, आणि चित्रपटाची नैतिक पळवाट नेमकी हीच आहे. मूळ 'सिंगम'वरून रोहित शेट्टी यांनी 2011मध्ये हिंदी 'सिंघम' केला आणि त्यातला नायक बाजीराव मराठी होता. पण 2014च्या 'सिंघम रिटर्न्स'ने वेगळी कथा घेतली. त्यामुळे शाळेत दडलेल्या पोलिसाचा हा धागा त्या हिंदी चित्रपटांत उतरला नाही.