गोळीची निवड आणि दयेची कसोटी

वध करावयाचाच असे ठरल्यावर त्याच्या साधनाची निवड हा नीतीचा प्रश्न उरतो काय? पुष्कळांचे मत असे, की वध तो वधच. गोळी कोणती, हा केवळ नेमबाजाच्या सोयीचा विषय. आम्हांस हे मत मान्य नाही. हरणाच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या रायफलीच्या गोळीचेच उदाहरण घेऊ.

कलकत्त्यानजीक डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शरीरात शिरताच पसरणारी गोळी तयार झाली. तशा गोळ्यांच्या जखमा इतक्या भीषण मानल्या गेल्या, की १८९९ साली हेग येथील परिषदेत त्या युद्धात न वापरण्याचा जाहीरनामा झाला. उलट, इंग्लंड व वेल्स यांच्या हरणांविषयीच्या १९९१ च्या कायद्याने हरणावर मऊ अथवा पोकळ टोकाची, म्हणजे पसरणारीच, गोळी झाडण्याचे बंधन घातले. माणसाच्या बाबतीत जे क्रौर्य म्हणून निषिद्ध, तेच हरणाच्या बाबतीत दया म्हणून विहित!

हा विरोध वरवरचा आहे. शत्रूच्या सैनिकास लढण्यास असमर्थ केले म्हणजे युद्धाचा हेतू साधतो. पुढे त्या जखमीस उचलणारे व औषधोपचार करणारे असू शकतात. हरणास वैद्य नाही. संपूर्ण धातुकवचाची गोळी बारीक छिद्र पाडून आरपार निघून जाऊ शकते, आणि घायाळ प्राणी झाडीत शिरून तासन् तास तळमळतो. हृदय-फुप्फुसांत पसरणारी गोळी त्याच्या यातना लवकर संपविते. साधन तेच, परंतु ज्याच्यावर ते चालवावयाचे त्याची स्थिती भिन्न, म्हणून न्यायही भिन्न.

तथापि विचार येथे थांबत नाही. शिशाची गोळी पसरताना तिचे सूक्ष्म कण मांसात व आतड्यांत विखुरतात. शिकाऱ्यांनी टाकलेले असे अवशेष खाऊन कॅलिफोर्नियातील काँडॉर जातीची गिधाडे शिशाच्या विषाने मेली. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांस पूर्ण मनाई केली; डेन्मार्कनेही २०२४ साली शिकारीच्या रायफलींसाठी तसेच केले. तांब्याची पसरणारी गोळी हा पर्याय आहे. तिचे कण फारसे विखुरत नाहीत. मात्र वेग मंदावल्यावर ती नीट पसरत नाही. तेव्हा लांबून नेम धरण्याचा मोह शिकाऱ्याने आवरला पाहिजे. येथे दयेचे मोल संयमाने चुकवावे लागते.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी हौशी मृगयेस वाव ठेवलेला नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु ब्रिटनसारख्या देशात लांडगे कधीच नामशेष झाले. तेथे हरणे फार वाढली म्हणजे कोवळी झाडे जगू देत नाहीत, आणि म्हणून ती मारली जातात. तेथे हा प्रश्न नित्याचा आहे.

योग्य गोळीने वध निर्दोष होतो, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ज्याने तो पत्करला त्याने गोळी सुटल्यापासून हरणाच्या शेवटच्या श्वासापर्यंतचे, आणि नंतर त्या अवशेषांवर उतरणाऱ्या पक्ष्याचेही उत्तरदायित्व पत्करले आहे. एवढा विचार ज्यास जड वाटतो, त्याने बंदुकीस हात न लावणेच श्रेयस्कर.