देवी
आजीच्या घरी देवी आली तेव्हा दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, फोडणी थांबली, आल्यागेल्याला मज्जाव झाला. रोग्याला वेगळे ठेवण्याचे शहाणपण तिला श्रद्धेनेच शिकविले होते. पण त्याच श्रद्धेपायी, देवी काढायला आलेल्या माणसाला तिने आधीच दारातून परतविले होते. आत्या गेली. ‘देवीने नेली,’ एवढेच आजी म्हणे.

आपल्या भाषेने रोगाला देवी म्हटले आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’च म्हटले. भाषेला जमलेली ही तडजोड आजीला जमली नाही. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज आजीला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निर्दोष म्हणायलाही नाही. आपल्या श्रद्धेची किंमत आपण खुशाल मोजावी. ती लेकराला मोजायला लावण्याचा अधिकार मात्र आईलाही नाही.