वैशाखातील विहीर



धुळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातील उपदेशकांनी आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचा विचार करिता करिता आमचे दोन आठवडे गेले, आणि जे उत्तर सुचले त्यानेही आमच्या मनाचे पुरते समाधान झाले आहे असे नाही. त्यांच्या मंदिराच्या आवारात एक जुनी विहीर आहे. गावातील इतर विहिरी चैत्र सरताच आटतात. हिला मात्र वैशाखाच्या अखेरपर्यंत थोडेबहुत पाणी राहते. यंदा रात्रीच्या वेळी कोणी तिचे पाणी उपसून नेऊ लागले. तेव्हा मंडळीतील काही वडील माणसांनी विहिरीवर झाकण घालून त्यास कुलूप लावावे असे म्हटले. तरुण मंडळी रागावली. ख्रिस्ती लोकांनी पाण्यास कुलूप लावणे हे प्रभूच्या नावास शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. उपदेशक विचारतात, कुलूप लावणे हे पाप आहे काय?

ज्यांनी खानदेशचा उन्हाळा भोगिला नाही त्यांस हा वाद हट्टाचा वाटेल. जळगाव-भुसावळकडे या दिवसांत पारा 45 अंशांपलीकडे जातो. सकाळी दहा वाजल्यापुढे रस्त्यावर माणूस दिसत नाही. पांझरेच्या, बोरीच्या कोरड्या पात्रात बाया वाळू उकरून झिरे करितात आणि वाटीवाटीने हंडा भरितात. तापीच्या उत्तरेस यावल-रावेरकडे गाळाची जमीन खोल, त्यामुळे विहिरीही खोल. आणि केळीच्या बागांनी तेथील पाण्याची पातळी वर्षानुवर्षे खाली नेली आहे. धुळे-साक्रीकडे काळ्या पाषाणाच्या भेगांत पावसाळ्याने जेवढे ठेविले तेवढेच पुढील मृगापर्यंत पुरवावयाचे. आमच्या मंडळ्यांच्या उपासनेच्या वेळाही या दिवसांत सूर्यच ठरवितो. रविवारची उपासना ऊन तापण्यापूर्वी, मुलांची सुटीतील बायबल शाळा नवाच्या आत, आणि सायंप्रार्थना अंगणात, बाजा टाकल्यावर. त्यात लग्नसराई याच महिन्यांत येते. ऊसतोडीस गेलेली कुटुंबेही याच सुमारास गावी परततात. म्हणजे पाणी सर्वांत कमी असते तेव्हाच पिणारी तोंडे सर्वांत अधिक.

कुलूप मागणाऱ्या वडिलांचे म्हणणे आम्ही आधी सांगतो, कारण तरुणांनी ते पुरते ऐकून घेतले नाही असे आम्हांस वाटते. त्यांपैकी एकाच्या आजोबांस गावविहिरीच्या काठावर पाय ठेविता येत नसे. आजी मडके घेऊन दूर बसे. कोणास दया आली तर तो वरून धार धरी, न आली तर ती रिकामे मडके घेऊन परत येई. त्या दुःखातून मंदिराची विहीर खणली गेली. आता त्याच घरांतील माणसे रात्री येऊन आमचे पाणी नेतात आणि दिवसा ओळख देत नाहीत, असे हे वडील म्हणतात. बोलणे कडू आहे, पण खोटे नाही. जोतीराव फुले यांनी 1868 साली पुण्यास आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला, तेव्हा ती एका घरची गोष्ट होती. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 साली संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांचे झाले. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांस हजारो लोकांसह चालून जावे लागले. राज्यघटनेने 1950 साली विहिरी व तळी यांविषयी कोणासही मनाई करता येणार नाही असे सांगितले. परंतु ज्या बाईचे मडके रिकामे परत आले तिच्या नातवाच्या मनातून ते मडके कायद्याने जात नाही. म्हणून जो कोणी या वडिलांस सहज म्हणेल की क्षमा करा आणि विहीर उघडा, त्याने आधी आपल्या घरी नळ आहे की नाही हे पाहावे.

आता तरुणांकडे वळू. त्यांनी आपल्या म्हणण्यास आधार म्हणून प्रभूने थंड पाण्याच्या पेल्याविषयी जे सांगितले ते पुढे केले, आणि एकाने आणखी म्हटले की आपण पाणी दिले तर गावात मंडळीचे नाव होईल व देव आपणास आशीर्वाद देईल. येथे आम्ही थोडे थांबतो, कारण खरा प्रश्न येथेच आहे.

उन्हाळ्यात पाणी पाजणे हे आपल्या देशात मोठे पुण्य मानितात. गावोगावी पाणपोया लागतात, रांजणास ओले फडके गुंडाळिलेले असते, आणि वाटसरू कोणत्या देवास भजतो हे आज सहसा कोणी विचारीत नाही. या चालीत दया पुष्कळ आहे. तिचे पाणी पिऊन तिची निंदा करणारा ख्रिस्ती मनुष्य कृतघ्न होय. आमच्या खानदेशात तर आखाजीचा सण पाण्याचाच. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरून पूजितात, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडांस झोके बांधितात, सालदाराचे वर्ष पुरे होते आणि त्याचा नवा करार ठरतो. आमच्या मंडळ्यांतील पहिल्या पिढीत घागर भरावी की न भरावी यावरून घरोघर वाद होत. घागर बहुतेकांनी सोडिली; लेकीस माहेरी आणणे व आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाणे कोणी सोडिले नाही, आणि ते सोडावे असे सांगणारा उपदेशक फार दिवस टिकला असता असे आम्हांस वाटत नाही. मेलेले देवाच्या हाती आहेत, त्यांस आमच्या घागरीची गरज नाही, हे आम्ही शिकलो. पण घागर सोडिताना तिच्यामागचा हिशेब सोडिला काय? पाणी दिले म्हणजे आपल्या खात्यावर काही जमा होते, हा हिशेब मंदिरातही आमच्याबरोबर आला. हातपंप बसविला की त्यावर देणगीदाराचे नाव कोरितात. पाणपोई लाविली की तिचे छायाचित्र काढितात. आधी वाटसरूच्या हाती पत्रिका आणि मग पेला, ही रीतही आम्ही पाहिली आहे. ती आम्हांस आवडत नाही.

या हिशेबाविषयी मार्टिन लूथरइतके स्पष्ट क्वचितच कोणी बोलले असेल. खानदेशच्या मंडळ्यांस तो परका नव्हे. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश सुवार्तिकाने 1890 साली शिकागो येथे स्थापिलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आपल्या भागात येऊन राहिले. त्यांनी आपल्या मंडळ्यांस लूथरचे नाव दिले नाही. परंतु ज्या देशांचे हे लोक होते तेथील राजमान्य मंडळी लूथरन होती आणि लहान मुलांस लूथरची प्रश्नोत्तरावली पाठ करावी लागे. त्यामुळे मंदिराच्या पाटीवर नाव कोणतेही असो, शिकवणीचे मूळ तेथपर्यंत जाते. लूथरने 1520 साली ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यातील विचार आमच्या शब्दांत असा. तारण जर कृपेने, फुकट मिळाले, तर सत्कर्म करून आपणास मिळवावयाचे काही उरलेच नाही. देवासही आमच्या सत्कर्माची उणीव भासत नाही. मग ते कर्म कोणासाठी? ज्यास त्याची गरज आहे त्याच्यासाठी, म्हणजे शेजाऱ्यासाठी. पुण्याच्या आशेने पाणी पाजणाऱ्यास तहानलेला हवाच असतो. तहानलेला न आला तर त्याचे पुण्य अडते. ज्यास काही मिळवावयाचे नाही त्याचे लक्ष मात्र समोरच्याच्या तहानेवर राहू शकते. या दृष्टीने पाहिले तर गावात नाव व्हावे म्हणून विहीर उघडू पाहणारा तरुण आणि जुना हिशेब फेडावा म्हणून ती बंद करू पाहणारा वडील, हे दोघे एकाच वहीत लिहीत आहेत. एकाने जमेची बाजू धरिली आहे, दुसऱ्याने येण्याची.

तरुणांस हे वाचून राग येईल हे आम्ही जाणतो. त्यांस आम्ही एवढेच विचारितो, की ज्या घरांनी तुमच्या आजीस पाणी नाकारिले त्यांस पाणी देताना तुमच्या मनात किंचित विजयाचा आनंद नव्हता काय? आमच्या मनात तो असता.

तर मग विहीर उघडी ठेवावी, एवढ्यावर हा लेख संपावयास हवा होता. पण विहिरीत पाणी थोडे आहे, आणि थोड्या पाण्यास केवळ उदार मनाने भागत नाही. लूथरनेच 1523 साली राजसत्तेविषयी लिहिताना एक भेद दाखविला आहे. स्वतःवर अन्याय झाला तर ख्रिस्ती मनुष्याने तो सोसावा. परंतु दुसऱ्यावर होत असेल तर त्यास वाचविण्यासाठी उभे राहावे. हा भेद विहिरीस लावून पाहा. आपला राग राखण्यासाठी लाविलेले कुलूप निराळे, आणि अंथरुणास खिळलेल्या म्हातारीच्या वाट्याचे दोन हंडे राखण्यासाठी लाविलेले कुलूप निराळे. म्हणून आम्ही उपदेशकांस उलट विचारिले की रात्री येते ते कोण? डोक्यावर घागर घेतलेली बाई, की मोटार व टाकी घेऊन आलेला ट्रॅक्टर? त्यांचे उत्तर आले, दोन्ही.

थोडे पाणी वाटून घेण्याची विद्या शिकण्यासाठी आपणास विलायतेस जावयास नको. पांझरेच्या काठी फडाची पद्धत कित्येक पिढ्यांपासून चालत आली आहे. नदीत लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड. एका फडात एकच पीक. पाणी सोडण्यास पाटकरी, राखण्यास जागल्या, देखरेखीस हवालदार. एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत वाटलेली असते. एखादे साल पाणी कमी पडले तर एखाद्या फडास पाणी द्यावयाचेच नाही असे सर्वांनी ठरवावयाचे, म्हणजे तोट्यातही प्रत्येकाचा वाटा असतो. ही रीत आम्हांस फार न्यायाची वाटते. मात्र फडात वाटा जमीन असणाऱ्यास. ज्यास जमीनच नाही त्याने काठावर उभे राहून पाटाचे पाणी पाहावे. आमच्या मंडळ्यांतील बहुतेकांचे आजे त्या काठावरच उभे होते, हे विसरून फडाची स्तुती करणे बरे नव्हे.

एवढे लिहून झाल्यावर आमच्या ध्यानात आले की उपदेशकांच्या पत्रात सभेचे जे वर्तमान आहे त्यात एकाही स्त्रीचे बोलणे नाही. कुलूप हवे म्हणणारे पुरुष, नको म्हणणारेही पुरुष. आणि पाणी भरणाऱ्या मात्र बाया. दावीद राजास बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले, तेव्हा तीन शूर पुरुषांनी शत्रूच्या छावणीतून जाऊन ते आणिले. दाविदाने ते प्यावयाचे नाकारून परमेश्वरापुढे ओतिले, कारण त्यात त्या माणसांचे रक्त आहे असे त्यास दिसले. जे पाणी दुसऱ्याने जिवावर उदार होऊन आणिले ते आपल्या औदार्याने वाटण्याचा अधिकार आपणास आहे काय? आम्ही लिहिले की बायांस विचारा.

त्यांनी विचारिले. बाया म्हणाल्या, रात्री कुलूप लावा, ट्रॅक्टर येतो तो बंद झाला पाहिजे. दिवसा विहीर उघडी ठेवा, आणि जो येईल त्यास रांगेत उभे राहू द्या, मग तो कोणत्याही घरचा असो. घरामागे किती हंडे हे त्यांनीच ठरविले, आणि दर आठवड्यास दोर टाकून पाणी मोजून तो आकडा कमी-अधिक करावयाचा असेही ठरविले. किल्ली पंचांकडे न ठेविता आपल्याकडे ठेविली. पुरुषांच्या सभेस दोन बैठकांत हे सुचले नव्हते. मग रात्री येणाऱ्या बाईचे काय? त्या बाईस त्या ओळखतात. तिच्या घरच्या लोकांस आमच्या विहिरीचे पाणी घरात आलेले दिवसाउजेडी दाखवावयाचे नाही, म्हणून ते तिला अंधारात पाठवितात. शोमरोनी स्त्री भर दुपारी, कोणी नसताना विहिरीवर आली होती. ही मध्यरात्री येते. दोघींसही माणसांच्या नजरांची भीती.

तिच्यासाठी बाया रोज सायंप्रार्थनेनंतर दोन घागरी भरून फाटकाबाहेर निंबाखाली ठेवितात. आपणास दिलेल्या हंड्यांतूनच त्या भरितात, मंडळीच्या वाट्यातून नव्हे. याविषयी सभेत बोलावयाचे नाही आणि पाहावयास कोणी थांबावयाचे नाही, असे त्यांनी उपदेशकांस बजाविले आहे. आम्ही हे छापिले म्हणून त्या आम्हांवर रागावतील, त्यास उपाय नाही. कुलूप मागणाऱ्या वडिलांस हे पसंत नाही. त्यांनी विरोधही केला नाही; त्यांच्या सुनेनेच एक घागर दिली आहे.

उपदेशकांच्या शेवटल्या पत्रात असे आहे की घागरी सकाळी रिकाम्या असतात. गेल्या सोमवारी त्यांतील एक फुटलेली सापडली. कोणी मुद्दाम फोडिली की अंधारात हातातून सुटली हे कळले नाही, आणि त्यावरून मंदिरात पुन्हा थोडी बोलाचाली झाली. बायांनी तिच्या जागी पत्र्याचा डबा ठेविला आहे.