खात्याबाहेरच्या धडका

डीकन जोन्स 1974 साली मैदानावरून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर एकही अधिकृत सॅक नव्हता. क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच लोळवणं म्हणजे सॅक. रॅम्स संघाच्या या पहाडासारख्या खेळाडूने वर्षानुवर्षं तेच केलं होतं. पण एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने सॅकची वैयक्तिक नोंद ठेवायला सुरुवात केली ती 1982 मध्ये. पुढे अभ्यासकांनी जुने कागद धुंडाळून त्याचे 173.5 सॅक मोजले, तेही अनधिकृतच राहिले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या फळीत उभ्या राहणाऱ्याचं बरंचसं काम असंच खात्याबाहेर राहतं. चेंडू त्याच्या हाती क्वचितच येतो. हात जमिनीला टेकवून तो वाकतो. समोर जेमतेम चेंडूच्या लांबीइतक्या अंतरावर सव्वाशे-दीडशे किलोचा गडी असतो. चेंडू हलला की धडक. या बचावपटूला थोपवायला दोघे धावले, की त्याच्या मागे उभा असलेला बचावपटू, म्हणजे लाइनबॅकर, मोकळा सुटतो आणि चेंडूवाल्याला पाडण्याचं श्रेय, म्हणजे टॅकल, त्या लाइनबॅकरच्या नावावर लागतं. दोघांना अंगावर घेणाऱ्याच्या रकान्यात काहीच पडत नाही.

रॅम्सच्याच ॲरन डोनाल्डच्या वाट्याला हे दुहेरी अडवणं दहा वर्षं आलं. सहा फूट एक इंच, सुमारे 127 किलो. आतल्या बाजूने खेळायला हा लहानच, असं म्हटलं जायचं. त्याने तीनदा वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. फेब्रुवारी 2022 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, रॅम्स 23-20 ने पुढे होते, मिनिटभरही उरलं नव्हतं आणि समोरच्या बेंगल्स संघाला शेवटच्या संधीत एक यार्ड हवं होतं. डोनाल्ड आत घुसला, त्याने बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याला धरून गरकन फिरवलं. पडता पडता बरोने भिरकावलेला चेंडू कुणालाच झेलता आला नाही. रॅम्स जिंकले, पण नोंद झाली ती अपूर्ण पासची, सॅकची नव्हे. सामनावीर ठरला रॅम्सचा पास झेलणारा कूपर कप.

श्रेय निसटलं तर इतिहासकार ते कधीतरी शोधून काढतात. शरीरावरच्या नोंदींचं तसं नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 631 दिवंगत फुटबॉलपटूंचे मेंदू तपासले गेले. सीटीई या मेंदूच्या आजाराचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला झालेल्या इजांच्या, संख्येशी नव्हे, तर वर्षानुवर्षं साचलेल्या लहानमोठ्या धक्क्यांशी आढळला. पहिल्या फळीतला माणूस तर जवळजवळ प्रत्येक डावाला आदळतो. चक्कर येत नाही, डॉक्टर धावत येत नाहीत, खेळ पुढे सरकतो.

मार्च 2024 मध्ये, अजून अव्वल असतानाच, 111 सॅक खात्यावर ठेवून डोनाल्ड बत्तिसाव्या वर्षी थांबला. तो का थांबला याचे तर्क करण्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दातांवर बसवायच्या गार्डमध्ये सेन्सर घालून डोक्याला बसणारा प्रत्येक धक्का मोजता येतो. सरावातल्या धडकांसकट ही नोंद पहिल्या फळीतल्या प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या हाती असायला हवी, आणि तीही नव्या करारावर सही करण्याआधी.